पाहुण्याची वाटी

ता. ६ फेब्रुवारी १८८४, ठाणे

तीन दिवस झाले, अंगाला माती नाही! मोजणीचा दौरा म्हणजे नुसती तंगडतोड. शिवरात्रीला सहदेवशी कुस्ती आहे — गेल्या वर्षी त्याने चीत केलं, यंदा हरलो तर लंगोट कायमचा खुंटीला, असं घरी बोलून बसलोय. आणि इथे धड तालीम सापडेना. एक सापडली, तर तिच्या कुस्तीच्या हौद्यात भाताचा पेंढा रचलेला.

ता. ८, कल्याण

मिळाली! तळ्याच्या पाळीमागे, मारुतीच्या देवळाला लागून. तांबडी माती, तेल-ताकाने मुरलेली. वस्ताद महिपत साठीचे, बोलणं मोजकं. नव्या गड्याचं अंग चाचपतात तसं माझं चाचपलं. डाव्या कोपराशी त्यांचं बोट थांबलं; दोनदा दाबून पाहिलं, असं शेजारचा गडी नंतर म्हणाला. कमावलेलं अंग ओळखलं म्हाताऱ्याने! "पाहुणं, उद्या सकाळी या," म्हणाले.

ता. ९

मला तेलाची वाटी वेगळी! बाकी सगळे एकाच परातीतून घेतात. कपड्यांची खुंटीही निराळी. परगावात इतका मान कोणी दिला नव्हता.

ता. १२

चार दिवस नुसता हौदा खणतोय. नव्या गड्याने आधी खणायचं, ही रीत मान्य — पण चार दिवस? जोड मागितली की म्हणतात, "खणा अजून." गणू नावाचा ताडमाड गडी माझ्याशी धरायला उतावीळ आहे; त्यालाही डोळ्यांनीच दटावलं. परीक्षा घ्यावी, पण किती!

घरी असतो तर शालू पाठीवर बसून जोर मोजत असती. पाच वर्षांची पोर. विसाच्या पुढे तिचे आकडे चुकतात, मग पुन्हा एकपासून! हाल माझे.

ता. १३

खणलं.

ता. १५

आज फावड्याखाली कौलाचा तुकडा आला. उचलून फेकला, पुढे खणत राहिलो. तेवढ्यात वस्तादांनी येऊन मनगट धरलं. डावा तळवा करंगळीपासून फाटला होता. खालची माती भिजली होती.

"दुखतंय?"

"छे!" मी ऐटीत म्हणालो.

ते हसले नाहीत. गणूला बाहेर पाठवलं, दार लोटलं. "बसा. माझ्या भावाचं असंच झालेलं. हातावर निखारा असायचा नि त्याला पत्ता नसायचा. तुमच्या कोपराखाली डाग हाय, त्यावर पयल्याच दिशी बोट दाबलं, नख लावलं. तुमाला कळलंबी नाय. रक्तपिती हाय ती, महारोग, पाहुणं."

मी नको ते बोललो. सहदेवने पढवलं का, असंही विचारलं.

"मग हाकललं का नाहीत?"

"मारुतीच्या दारात आलेल्याला कसा हाकलू? खणताना कोणाच्या अंगाला अंग लागत नाय, म्हणून खणायला लावलं. तोंडावर बोलायचा धीर झाला नाय."

तेव्हा माझी नजर वाटीकडे गेली. शरमेने मेलो.

ता. १६

बाभळीचा काटा घेतला. डागावर तीन ठिकाणी टोचला. मग करंगळीत. रक्त आलं, बाकी काही नाही. उजव्या हाताला टोचला — कळलं. देवा, कळलं!

ता. १८

सहदेवला निरोप धाडला, यंदा मी नाही.

तालमीत जाऊन भिजलेली माती पाटीत उपसली, लांब नेऊन पुरली. हौदा सारखा केला. वस्ताद पायरीवर बसून होते. निघताना वाटी मागितली. त्यांनी ती धुऊन, पुसून माझ्या हातात दिली, आणि माझे दोन्ही हात वाटीसकट धरून ठेवले. मला फक्त उजवीकडे कळत होतं.

ता. १९

घरी पत्र टाकलं. दौरा लांबला आहे; शालूला शंभरापर्यंत आकडे शिकवावे. कधी येतो ते लिहिलं नाही.