देवासमोर बंद केलेली गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज चावी बंद केली आणि गाडी बंद झाली नाही! पहाटे उरणच्या बंदरावरून पापलेट, कोळंबी भरली. लोणावळ्याच्या हॉटेलांची नेहमीची ऑर्डर. खोपोलीचा चढ नेहमीसारखा दाबून चढले. वर देवळासमोर थांबले, चावी फिरवली, हात जोडले. आणि इंजिनाचा आवाज उलट वाढत गेला. चावी माझ्या हातात, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि आवाज वर, वर, अजून वर. मागे एवढा धूर की देऊळ दिसेना. नारळवाला दुकान सोडून पळाला. मला वाटलं, आता फुटणार.

कुठून सुचलं माहीत नाही. ब्रेकवर उभीच राहिले, पाचवा गिअर टाकला, क्लच सोडला. असा हिसका बसला की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मग इंजिन गुदमरून एकदम शांत. मागे बर्फाचं पाणी टपटप गळत होतं.

मासे दुसऱ्या गाडीतून पुढे पाठवले, निळीला, माझ्या पिकअपला, टो करून पनवेलला आणली. कपाळाला टेंगूळ. बाबा म्हणाले, "देवासमोर झाला ना? मग त्यानंच वाचवला तुला."

असेल. बाबांच्या जुन्या टेम्पोचे ब्रेक गेले होते, तेव्हा त्याच देवळाच्या कठड्याला घासत थांबला आणि बाबा वाचले. तेव्हापासून नवस. चढून आलं की देवासमोर गाडी बंद, मग नमस्कार, मग पुढे. "देवासमोर धडधड करायची नाय." मला स्टिअरिंग दिलं तेव्हा पहिला नियम हाच शिकवला. एक दिवस चुकवला नाही मी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गॅरेजवाल्या लतीफचाचांनी पाइप काढला, आत बोट घातलं, तेलाने माखलेलं बोट माझ्यासमोर धरलं. टर्बो गेला, इंजिनात हवा ढकलणारा पंखा. त्यातून तेल इंजिनात शिरलं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटलं. म्हणून चावीला दाद देईना.

टर्बो गेला?! अहो, अकरा महिन्यांपूर्वी बदललाय! गाडीबरोबर आलेला तीन वर्षं तरी टिकला. हा चाचांनी स्वतः आणून बसवलेला.

डोकं फिरलं माझं. काय काय बोलले मी. जुनाच पुसून बसवलात म्हणाले. चोर म्हणाले. हो, चोर. चार पिकअपवाले तिथे चहा पीत होते, त्यांच्यासमोर. ज्यांच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा स्टिअरिंग फिरवलं, बाबांचे तीस वर्षांचे दोस्त, त्यांना.

चाचांनी चिंधीला हात पुसले. एवढंच म्हणाले, "बाय, घरी जा. बाबांशी बोल."

बाबांशी कशाला बोलू? बाबा मध्ये पडतील, सांभाळून घेतील, म्हणून ना? मी गाडी उचलली तिथून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निळी कोन गावात, हायवेजवळच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये. काचेचं ऑफिस, टोकन नंबर, सगळं. सांगितलं, टर्बो खोलून बघा आणि जुना आहे की नवा ते लेखी द्या.

त्या चौघांतल्या दोघांनीही गाड्या चाचांकडून काढल्या. त्यातला नामदेव म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे खराच असणार. तुमचं तर घरच्यासारखं." बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कसं लिहू.

तिथली सुपरवायझर, पंचविशीची पोरगी, टर्बो टेबलावर घेऊन बसली होती. म्हणाली, "मॅडम, नवीनच आहे. ओरिजिनल. नंबर बिलाशी जुळतोय." मग करंगळीएवढा पाइप दाखवला. ह्यातून टर्बोला तेल जातं. आत डांबर. काळं, कडक, टोचलं तरी निघेना.

"चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करता का?"

मी म्हटलं, हो. रोज.

तिने शांतपणे सांगितलं. चढावर टर्बो लालबुंद होतो, पंखा भयंकर वेगात फिरत असतो, आणि तो तरंगतो इंजिनाच्या तेलावर. चावी बंद, की तेलही बंद. पंखा फिरतोच आहे, उष्णता तिथेच, आणि आत राहिलेलं तेल जळतं. तापल्या तव्यावर तेल विसरलं तर चिकटून बसतं, तसं. रोज थोडं थोडं. मग पाइप चोंदतो, बेअरिंग कोरडं पडतं. थांबल्यावर दोन मिनिटं गाडी चालू ठेवायची, मग बंद करायची. बस.

दोन मिनिटं!

मी विचारलं, आमचा जुना टेम्पो तर तीस वर्षं तसाच बंद करायचो? ती म्हणाली, त्याला टर्बो होता का? नव्हता. त्याला काय जळणार.

म्हणजे मीच. रोज हात जोडून. वरून एका पिस्टनला ओरखडे पडलेत. दुरुस्त होईल, पण हे इंजिन आता पहिल्यासारखं टिकणार नाही, असंही म्हणाली. इंजिनाचं ऐकलंच नाही मी नीट. डोक्यात एकच घुमत होतं, चोर म्हणाले मी त्यांना.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. ते बोंबील साफ करत बसले होते. वाटलं, चिडतील, देवाचं नाव घेतील. मान खाली. सुरी थांबली.

"माहीत हाय मला."

काय माहीत आहे?

"लतीफ बोलला व्हता. पयला टर्बो गेला तवाच. पोरीला सांग बोलला, दोन मिन्टं चालू ठेव. मी बोललो, तिला मी सांगीन, तू मधी बोलू नको."

आणि?

"नाय सांगितला."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर. का? का नाही सांगितलंत? अकरा महिने! तर म्हणतात, "तू बोलली असतीस, बाबांच्या नवसानं गाडी खाल्ली. आमी त्या देवामुळं जिवंत हाय. मला वाटला, तो बघून घेईल."

म्हणजे चाचा त्या दिवशी चार लोकांत चोर ठरले तरी गप्प बसले. बाबांना शब्द दिला होता म्हणून. आणि त्या रात्री न राहवून मी घरी तावातावाने सगळं सांगितलं, तेव्हा बाबा हूं हूं करत जेवले. भात परत वाढून घेतला! मला तो भातच आठवतोय सारखा.

बोंबील तसेच पडले. कोणी शिजवले नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांशी बोलणं बंद. ताट वाढते, बाजूला होते.

घरून, सुकापूरहून, रिक्षाने गॅरेजपर्यंत गेले. चाचा बाहेर स्टुलावर बसलेले. दुपारची वेळ, एरवी चार गाड्या उभ्या असतात. आज एक स्कूटर. उतरले नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, पुढे घे. लाज वाटते लिहायला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

निळी मिळाली. आवाज चांगला आहे, पण मला खात्री वाटत नाही कशाचीच. दर शंभर मीटरला कान इंजिनाकडे.

बंदरावर ते चौघेही पिकअपवाले भेटले. सांगून टाकलं मोठ्याने, बर्फ फोडणाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. चाचांची काही चूक नव्हती, टर्बो नवाच होता, मी जाळला, चोर म्हणाले ते खोटं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नामदेव म्हणाला, "आमाला सांगून काय? त्यांना सांगितलास का?"

नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या घाटात येतो, असं बाबा स्वतःहून म्हणाले. दोन वर्षांनी गाडीत बसणार. मी फक्त "पाचला निघते" म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबा शेजारी बसले. वर देवळासमोर थांबले. हात चावीकडे गेला, सवयीने. मागे घेतला. इंजिन घरघरत राहिलं. बाबा समोर बघत बसले. मी मनात मोजत होते. साठ. नव्वद. त्यांचे हात मांडीवरच. म्हटलं, आता ओरडतील. एकशे वीस झाले, मी चावी फिरवली, निळी गपकन बंद झाली. तेव्हा त्यांनी हात जोडले. बराच वेळ. डोळ्यांतून पाणी. माझ्याही. राग गेलाय असं नाही.

मासे पोचवून उतरताना म्हणाले, "लतीफकडं घे."

रविवार असूनही गॅरेज उघडं. एकच गाडी जॅकवर, खालून चाचांचे फक्त पाय दिसत होते. मी निळी दारात लावली, चालूच ठेवली. आता सगळीकडेच ठेवते. बाबा उतरले, जॅकपाशी जाऊन उभे राहिले.

"लतीफ. मी तिला सांगितलाच नव्हता."

मग हात बाहेर आला, काळा, उघडा पंजा.

"चौदा नंबर."

बाबा वाकले. पान्ह्यांच्या ढिगात शोधू लागले. चष्मा नव्हता, एकेक पाना डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. मी पुढे झाले तर मला हाताने थांबवलं. सापडला. त्या पंजावर ठेवला. पंजा मिटला, आत गेला. पाना बोल्टवर फिरल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "चाचा." पाना थांबला. माफीचं वाक्य आठ दिवस पाठ केलं होतं, तोंडात आलंच नाही.

निळीची दोन मिनिटं केव्हाच झाली होती. मी जाऊन बंद केली नाही. तिथेच उभी राहिले.