भैरूचा हात कसा मोडला

ठाकरवाडी, चाकणच्या वरली
कार्तिक वद्य, सोमवार, सन १९५६

विमलवयनीस थोरल्या नणंदंचा आशीर्वाद.

हितं समदी बरी हाईत, आसं लिवायची रीत हाय म्हनून लिवलं. तू दापोडीला जाऊन मडम झालीस, वासाचं त्याल लावतीस, आन् माजा भाऊ भैरू तुज्या म्होरं मांजर झालाय, सारं कळतंय मला.

तुजं कारड पोचलं. गोनी पडून भैरूचा हात मोडला, आईकडनं हाडसांधी पाठवा म्हनतीस. त्या येलाच्या कांड्या सोबत बांधल्यात. वाटून, गरम करून बांध. बोंबलला तर आनीक आवळ.

पर वयनी, गोनी पडली न्हाई. हात मी मोडला.

आता बस खाली.

मागल्या सोमवारी भैरू ठेकेदाराची गाडी आन् धा गडी घिऊन आला, औशिदाची मुसळी खनायला. आपल्यात मुसळीच्या मुळ्या काढल्या की तिचं डोकं, एक मुळी ठिवून, त्याच खड्ड्यात परत पुरत्यात. तवा पावसाळ्यात पुन्यांदा पाला फुटतो, भाजी व्हती. भैरूला ह्ये आईनंच शिकिवलं. आन् त्योच गड्यांस्नी सांगत व्हता, डोक्यासकट उपटा, वजन भरतंय. दुपारपातूर आर्धी टेकडी डुकरांनी उकरल्यावानी झाली.

आई खड्ड्यात जाऊन बसली, डोकी वटीत गोळा करू लागली. एकानं तिच्या पाठीत लाथ घातली. मी त्येच्या तोंडावर धोंडा हानला, दोन दात तिथंच पडलं. मग समदीच भिडली. शेजारच्या सोजराबाईनं एकाच्या मांडीत विळा घातला, त्येचं धोतर लालभडक. भैरूनं आईला दंडाला धरून वढली. ती वटी सोडंना. तवा त्येनं तिला ढकलली.

ती कातळावर आपटली. त्यो आवाज मी ऐकला, त्येनंबी ऐकला.

मी पहार उचलली. त्येनं हात आडवा घातला म्हनून हात मोडला. मी त्येचं डोकंच बघून हानली व्हती. त्यो पळाला, मागं बघितलं न्हाई.

आई सात दिस पडून व्हती. कंबरंखाली काय हलत न्हवतं. तुजं कारड वाचून दाखिवलं तर हसली.

"हाडसांधी धाड त्येला," म्हनली. "माजं काय लिवू नगंस."

मी व्हय म्हनलं, म्हनून ती व्हती तवर लिवलं न्हाई.

काल ग्येली.

त्येला तूच सांग. दहाव्याला यावं, डोई करावी, त्यो ल्योक हाय. पर ठेकेदाराचा निरोप हाय, शुक्कीरवारी उरली टेकडी खनायला गाडी येनार, आन् वाट भैरूच दावनार. वाडीतल्या बाया कालधरनं विळं घिऊन तिथंच बसल्यात. टपालात ह्ये टाकलं की मीबी चालले.

त्यो निघाला तर आडवी पड, नखरं कर, भाईरनं कडी घाल. तुजं त्यो ऐकतो. ह्या बारीला त्येनं हात आडवा घातला तरी मी थांबनार न्हाई.

तुजं कुकू ऱ्हावं म्हनून लिवनारी,
तुजी बिनकुकवाची नणंद
इंद्रायणी