माहेरच्या ताटाची चीर

अमरावती, माघ १९५८, बुधवार संध्याकाळ

लिही वं सुमे, माह्या वहीत, सांगते तसंच. लकवा झाल्यापासून तुहे आबाजी बोलले नाहीत. उद्या भगत येऊन त्यायच्या उशाशी, पाण्याच्या घागरीवर काशाचं ताट ठेवून वाजवणार, त्यानं गेलेली वाचा फिरते म्हणे. ताट बायकोच्या माहेरचंच लागते म्हणे. चिंचेनं घासून मी आज वाजवून पाहिलं, तर नुसतं थड्ड! चीर आहे त्याले.

चीर माहीच. नवी नवरी होती, रागानं आपटलं होतं. सासूनं विचारलं, तर हे म्हणाले, "माह्या हातून पडलं, माय."

जन्मभर मी त्यायले ‘गप बसा’ म्हटलं. आता?

शेजारीण म्हणे, "काकू, माह्यं न्या, खणखणीत आहे." नाही नेलं. आज मी वाजवलं तवा त्या चिरेचा आवाज ऐकून आबाजीच्या डोळ्यातून पाणी आलं. उद्या तेच वाजू दे. एकदा बोला म्हण त्यायले, खोटं बोलले तरी चालते मले.