थोडा भाग ठेवता येईल का?

मंगळवार, १४ मे
दुपारचे अडीच

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी वेळेवर जेवते आहे ना? टिल्लूला ताप नाही ना? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा गार करून ओतला.

तू फोन उचलत नाहीस, वहिनीचा बंद आहे. म्हणून हे पत्र पेटीवाल्या काकांच्या हाती देते आहे. तुमच्या हॉस्पिटलातून आमच्या प्रयोगशाळेत बर्फाची पेटी आणतात, तेच. ते चारला परत निघतात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

उद्या सकाळी टिल्लूचं हृदयाचं ऑपरेशन. महिन्यापूर्वी तू विचारलंस, "हृदयाच्या वर थायमस म्हणून ग्रंथी असते, ती काढावी लागेल म्हणतात. थोडी ठेवायला सांगू का गं?" मी फाडकन म्हणाले, "काही गरज नाही. तो भाग असाही काढावाच लागतो, मुलाला त्याचा तोटा नाही." तू म्हणालास, "तुला भाचा दिसतच नाही, नमुना दिसतो." मी फोन आपटला. तेव्हापासून दोघंही तोंड फिरवून बसलोय.

दादा, ती वाक्यं, काढलेली ग्रंथी संशोधनासाठी मागताना आम्ही पालकांना देतो, त्या माहितीपत्रकातली. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून इतकी पाठ झालीत की सख्ख्या भावालाही तीच ऐकवली.

आता खरं ऐक. शरीराच्या शिपाई पेशी थायमसमध्ये तयार होतात. स्वतःच्याच शरीरावर धावून जातील अशा पेशींना तिथे बहुतेक करून मारून टाकतात. पण त्यांतल्या काहींना मारत नाहीत, वळवतात. त्या मग बाहेर जाऊन बाकीच्यांना आवरतात. आपण भांडायचो तेव्हा आई मध्ये पडून दोघांचे दंड धरायची ना, तसं. पहिल्या काही महिन्यांत तयार झालेल्या या पेशी जन्मभर उपयोगी पडतात, असं उंदरांत दिसलंय. माणसांत किती, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. ग्रंथी काढलेली बहुतेक मुलं ठणठणीत असतात, उगीच घाबरू नकोस. पण "तोटा नाही" असं छातीठोक सांगायला मला तोंड नव्हतं. "माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं, ते मी गिळलं.

का गिळलं, ते लिहायला हे दुसरं पान घेतलंय. मध्ये उठून दोन खिडक्या लावून आले, त्या आधीच लावलेल्या होत्या.

तेव्हा आमच्याकडे तीन महिने थायमसचा एकही नमुना आला नव्हता. काम अडलेलं, प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रोज विचारायच्या. तू "थायमस" म्हणालास आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं? चार महिन्यांचं मूल, ताजा नमुना, अख्खा. टिल्लू नंतर आठवला. क्षणभरानेच, पण नंतर. तू बरोबर बोललास म्हणून तर इतकं झोंबलं. मला लाज वाटते, दादा.

आज ते वाक्य बाईंना दाखवून पत्रकातून खोडलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षांनी सुचलं होय?" त्यांना भाच्याचं ठाऊक नाही. उद्या फोनवर सांगेन.

आता एक कर. संध्याकाळी सर्जन फेरीला येतील तेव्हा विचार, "हृदयापर्यंत पोचायला अडचण होत नसेल, तर थोडा भाग ठेवता येईल का?" एवढंच. नाही म्हणाले तर हट्ट धरू नकोस, आधी हृदय. आणि नमुना देण्याच्या कागदावर तू सही केली असशील, तर ती मागे घेता येते. कारण सांगावं लागत नाही. नर्सला नुसतं "नको" म्हण. माझ्याकडे बघून तर अजिबात "हो" म्हणू नकोस.

उद्या मी कामावर जाणार नाही. सातला तिथे येते. बोलू नकोस हवं तर, वाट्टेल तशी हजेरी घे, पण दारातून परत पाठवू नकोस.

काका खालून हाका मारताहेत. पुन्हा वाचलं तर फाडून टाकेन, म्हणून न वाचताच बंद करते.

तू विचारलंस तेव्हा जिला आधी आत्या व्हायचं सुचलं नाही, ती,
तुझी बहीण