सरकीची शेड कोणाकडे?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचले एकदाची चोपड्याला! चिपळूणहून निघालेली बाई इथे उतरेपर्यंत अंगातलं सगळं कोकण घामावाटे निघून गेलं. ऑक्टोबरात असलं ऊन? रिक्षावाला म्हणाला, हे काहीच नाही ताई, वैशाखात या. नको रे बाबा! पण मन खूश आहे. काल दसरा झाला, आणि स्टँडवर एका अनोळखी आजोबांनी आपट्याचं शिळं सोनं हातावर ठेवून, हसून, वाट धरली. शकुन चांगला म्हणायचा.

राहायची सोय सुरेशचंद शेठजींच्या माडीवर. मूळचे राजस्थानचे जैन, कापसाच्या व्यापारात इथेच मुरलेले. सज्जनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला बघताच म्हणाल्या की पोरीचं तोंड किती सुकलंय, आणि ताटात एवढं वाढलं की उठता येईना. या घरात दिवस मावळायच्या आत जेवण. माझ्यासारख्या खादाडाला रात्री चिवड्यावर भागवावं लागणार.

यावल रस्त्यावर शेठजींची बंद पडलेली जिनिंग आहे, पूर्वी कापसातलं बी, म्हणजे सरकी, वेगळी काढायची. तिथेच छावणी. श्रावणात नदीकाठची गावं पुरात गेली, ती माणसं इथल्या शेडमध्ये आणून ठेवली आहेत. सरकारी कागदावर ती विस्थापित, बाजारात पूरवाले, संस्थांच्या तोंडी लाभार्थी. मी आपली माणसं म्हणणार. एक संस्था फिरता दवाखाना चालवते, तिला छावणीत व्हॅनवाले म्हणतात. दुसरी बाळंतिणी आणि मुलं बघते, ते लेकरंवाले. वर सरकारी केंद्र आहेच. एकाच पोराला दोघं जंताच्या गोळ्या देतात आणि शेजारच्या म्हातारीला कोणी कुत्रं विचारत नाही. ह्या सगळ्यांना एका ओळीत आणायचं, ही माझी नोकरी. नाव भारी आहे, आरोग्य समन्वयक! करणार, मी करणार. मला पसारा बघवत नाही.

दुपारी धनसिंग आबांनी छावणी दाखवली. ते स्वतःच पुरातून आलेले, आता इथले राखणदार. कापसाच्या गाठी बांधायच्या जुन्या प्रेसपाशी ते थांबले, पुढे काही नाही म्हणाले. मी ऐकते होय! पुढे गटाराच्या काठावर एक लांबट शेड आहे, पूर्वी तिथे सरकी साठवत. दारात एक म्हातारी बसली होती, नाव ताईबाई. म्हणाली की सुनेला जुलाब-उलट्या, पाणी पोटात ठरत नाही, आणि आत बठ्ठा असाच शेतस. बठ्ठा म्हणजे सगळे, एवढं आजच शिकलेय. मग तिने विचारलं, कव्हय येशी? कधी येशील? माझ्याजवळ ना औषध ना डॉक्टर. म्हटलं, उद्या बघते, येते हं. निघताना आपल्यात जाते कोण म्हणतं? तिने मान हलवली आणि मी निघाले.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेठजींच्या पेढीवर पहिली बैठक. गादी, लोड, वाफाळता चहा. बाकीची वाटणी झटपट झाली. मग मी विचारलं, सरकीची शेड कोणाकडे? झाली सुरू टोलवाटोलवी! व्हॅनवाल्यांचे डॉक्टर हितेंद्र म्हणाले, आमची हद्द गटारापर्यंत. लेकरंवाले म्हणाले, गटारापासून आमची, पण शेडचं दार अलीकडे उघडतं, म्हणून ती व्हॅनवाल्यांची. सरकारी माणूस म्हणाला की ती तर रिकामी आहे, कुलूप आहे. मी तापलेच. म्हटलं, कुलपाआडून काल एक म्हातारी माझ्याशी बोलली काय? उगाच हात झटकू नका.

शेठजींनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मीच शेड व्हॅनवाल्यांच्या गळ्यात घातली. डॉक्टर सोमवारी येतील.

६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांसोबत गेले. शेडला खरंच कुलूप. आबांनी लांबूनच किल्ली दिली. आत काही नाही. चुन्याने पांढऱ्याफटक केलेल्या भिंती आणि स्वच्छ झाडलेली फरशी. मी आबांना विचारलं, इथली माणसं? ते म्हणाले, बठ्ठा गयात. म्हणजे गेले सगळे. कुठे, तर त्यांनी नदीकडे हात केला. असतील कोणाच्या नात्यातली, गेली असतील, असं मी धरलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता व्हॅनमध्ये जाऊन बसले. मला चांगलंच ओशाळल्यासारखं झालं.

आणि दुपारी ऑफिसच्या खोलीत मान वर करते तर दारात ताईबाई! अगो बाई, मला हायसं वाटलं. म्हटलं, तुम्ही तर गेलात ना? ती म्हणाली, आठेच शेतस. इथेच आहेत. तू उनी नही, म्हणाली, आली नाहीस तू. तिच्यामागे पदर तोंडावर घेतलेली एक पोरसवदा बाई भिंतीला टेकून उभी होती. तीच सून असणार. मी पर्स उचलत म्हटलं, व्हा तुम्ही पुढे, डॉक्टरला धरून आणते, ही आलेच.

डॉक्टर भेटले, पण यायला तयार होईनात. त्यांचा चेहरा पडला होता. मी भांडले. ते भांडले नाहीत, त्याचंच मला नवल वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल दुपारी पुन्हा. आजही. आता त्या दोघीच नाहीत, मागे बाप्ये आहेत, एकाच्या खांद्यावर मूल आहे. खोलीत येत नाहीत, उंबऱ्यापाशी दाटी करतात. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात, सगळे वाट बघतायत, एवढंच ताईबाई म्हणते. मी उठले की वाट करून देतात. बाहेर जाऊन बघावं तर जिनिंगच्या आवारात नुसतं ऊन.

संध्याकाळी सज्जनबाईंना विचारलंच. त्यांनी हातातली माळ बाजूला ठेवली. म्हणाल्या, गयात म्हणजे गेले बेटा. गावाला नाही. गेले.

श्रावणात त्या शेडमध्ये साथ शिरली, त्या सांगत होत्या. व्हॅनवाल्यांचा माणूस दारात आला, त्याने बघितलं, त्याला वाटलं ही लेकरंवाल्यांची हद्द. येतो हं, म्हणाला आणि गेला. लेकरंवाल्यांची नर्स आली, तिला वाटलं ही व्हॅनवाल्यांची. येते हं, म्हणाली. सरकारी माणूसही तसाच. कोणी खोटं बोललं नाही. निघताना म्हणायचं तेच म्हणाले सगळे. आतल्या लोकांनी मात्र ते खरं धरलं. बाहेर पडून रस्ता गाठला असता तर कोणी ना कोणी दवाखान्यात नेलं असतं. पण येतो म्हणालेत ना, येतील, म्हणून ते शेडमध्येच बसून राहिले.

सज्जनबाईंनी डोळे पुसले. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तू त्या दारात काय बोललीस ते आम्हाला कुठे ठाऊक? जो येतो म्हणतो, त्याच्याकडेच ते येतात. लेकरंवाल्यांची ती नर्स, शेवंताबाई, नोकरी सोडून यावलला बसली आहे. तिला विचार, म्हणाल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

यावलला जाऊन आले. एसटीत दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, हिरवंगार, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

शेवंताबाई दारातच बसली होती. मी नाव सांगायच्या आतच म्हणाली, किती जवळ आलेत? उंबऱ्यापर्यंत, म्हटलं. म्हणाली, मग अजून वेळ आहे. तिने सुटका कशी करून घेतली ते सांगितलं. भर दुपारी सरकीच्या शेडच्या दारात उभी राहिली आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली, मी जाते, परत येणार नाही. बस, एवढंच. ते तिच्याकडे पुन्हा आले नाहीत.

मला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं! तर ती म्हणाली, तेव्हापासून कुठल्याच दारात मला कोणी ये म्हणत नाही. लेकीच्या घरी गेले तरी लेक नुसती बघत राहते, जणू दारात कोणी नाहीच. हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले.

उठताना काय बोलावं कळेना. काहीच न बोलता आले.

११ ऑक्टोबर, शनिवार

जाऊन उभी राहिले. किल्ली नेली नव्हती, तरी दार उघडं होतं.

बठ्ठा होते. ताईबाईने सुनेचा हात माझ्या हातात दिला, हे बघ म्हणाली, किती तापलाय. तापलाच होता. तव्यासारखा. सुनेने पदर बाजूला केला. कोवळी पोर आहे हो, ओठांवर भेगा पडलेल्या. पानी दे वं माय, म्हणाली.

जाते म्हणायला तोंड उघडलं. ह्या पोरीला कसं म्हणू? ज्याला जमेल त्याला जमो. मला नाही जमलं. मेली माझी जीभ, पुन्हा तेच, येते हं, बोलून बसली.

भीती वाटते, लिहायला काय लाजायचं? पण भीतीपेक्षा शरम जास्त वाटते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आता ते इकडे येतात. शेठजींच्या माडीवर. दुपारी जिन्यावर पावलं, ओली, चिखलाची नव्हेत — जिना कोरडाच असतो, आवाज मात्र ओला.

माझा तांब्या भरून ठेवला की रिकामा. ओठ माझे फाटलेत. सज्जनबाई म्हणतात चिपळूणला जा, आजच्या आज. गेले तर तिथे येतील. आईच्या दारात ही सगळी —

नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. जाते म्हणणार नाही, आणि पळणारही नाही. जे तेव्हा करायला हवं होतं ते करायचं. ओआरएसची पाकिटं, सलाईन, कळशा. आत जायचं, पाजायचं, येते म्हटलं होतं ते आले असं करून टाकायचं. मग त्यांचं देणं राहणार नाही.

डॉक्टर हितेंद्रांना म्हटलं, चला. ते म्हणाले, रजा घ्या, झोप काढा. मग हळूच म्हणाले की श्रावणात त्या दारात उभा राहिलेला व्हॅनवाल्यांचा माणूस म्हणजे मीच. तुमच्याकडे नाही येत ते? मी विचारलं. त्यांनी कानांवर हात ठेवले.

आबा किल्ली देतात. प्रेसच्या पुढे येणार नाहीत.

१५ ऑक्टोबर, दुपार

आत आहे. वही मांडीवर.

पितायत! खरंच पितायत. वाटी ओठाला लावली की रिकामी होते. सुनेचा हात निवला. मूल रडलं, आधी आवाजच नव्हता त्याला. ताईबाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, उनी माय, तू उनी. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पाणी संपत आलं. कळशी भरून आणायला उठले तर सगळे बघायला लागले. म्हटलं आणते, पाणी आणते. कोणी सरकेना. पुन्हा कोणाला ते ऐकायचं नाहीये.

बसले.

नंतर

पोटात कळ येतेय. पाण्यातूनच असेल — कळशीतलं मीही प्यायले, त्यांच्याच वाटीने —

उलटी झाली. ताईबाई पाठ चोळते. हात गार आहे तिचा.

गाडी थांबली बाहेर! व्हॅन. डॉक्टर आलेत. आले, देवा, आले —

नंतर

दारात उभे राहिले. आत बघितलं. सरळ माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला, म्हटलं, डॉक्टर, मला उचला, मी नूतन. ते बघतच राहिले. मग मागे गटाराकडे बघितलं. म्हणाले की ही शेड आमच्या हद्दीत नाही, लेकरंवाल्यांना सांगतो.

येतो हं, म्हणाले.

कुलपाचा आवाज झाला.

तारीख —

ओरडून काही होत नाही, ताईबाई म्हणते. ओरडलं की माणसं दचकतात, पळतात. दारात बसावं. नीट विचारावं.

तहान. फार तहान —

भिंती आता पांढऱ्या दिसत नाहीत. आम्ही इतके आहोत की भिंत दिसतच नाही.

सरकून तिने मला जागा दिली. दार उघडंच आहे. ऊन. प्रेसपाशी आबा थांबले. कोणीतरी एकटंच पुढे येतंय. बाई आहे. नवी. खांद्याला पिशवी, चेहरा हसरा. किती छान हसते. हिला सांगायला हवं, बाई ग, काही बोलू नकोस, मागे फीर, नाहीतर आत ये, पण ते तेवढं एक —

जवळ आली. वाकली. मी सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, कव्हय ये