चौथ्या प्रयोगाची बाटली

शिरपूर,
१९ जानेवारी २०२५

चि. तेजस यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी बरी आहे. अभिमन मजेत, सासूबाईंचे गुडघे रोजच्यासारखेच. तुमच्या नाशिककडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली असेल, म्हणजे तुला जेवायलाही फुरसत नसणार. स्वेटर घालत जा.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. वायनरीत एवढ्या कसल्या मीटिंगा असतात रे? म्हणून शेवटी कागद घेतला. हा तुला मधेच कापता येणार नाही.

नानांना अग्नी देऊन तू सावद्याच्या स्मशानातूनच परस्पर निघून गेलास. मयतीच्या दिवशीचा कडू घाससुद्धा घेतला नाहीस. शेजारच्या लताबाई काकू पिठलं-भाकरी घेऊन ओट्यावर बसून होत्या, सगळे विचारत होते पोरगं कुठे गेलं. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली होती. जाताना तू मला फोनवर काय म्हणालास ते मी कुणाला सांगितलं नाही. 'ज्यानं माझ्या वाईनचे सहा ड्रम ओतले, त्याच्या नावाचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही.' मी ऐकून घेतलं आणि गप्प राहिले. दोन महिने झाले, गप्पच आहे.

आधी तुझ्या वाईनचं सांगते.

तू अगदी सुरुवातीला एक बाटली भरून नानांना दिली होतीस, आठवतं? 'पिऊ नका, नुसता वास तरी घ्या' म्हणाला होतास. तुझ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'केळीची पांढरी वाईन, प्रयोग चौथा.' आम्हाला वाटलं, नानांनी ती फेकली असेल. ती त्यांच्या लोखंडी कपाटात होती, सातबाऱ्याच्या फायलीमागे, धोतरात गुंडाळून.

ऑक्टोबरात घशाच्या कॅन्सरसाठी विजेचा शेक दिल्यावर त्यांच्या तोंडाची चवच गेली. मी महिनाभर सावद्यालाच होते. शेवभाजीचा रस्सा आग करायचा, वरण नको, दूध नको. 'मले सगळं मातीवानी लागते,' म्हणायचे. एके दिवशी दुपारी आई झोपलेली बघून मला म्हणाले, 'पोऱ्याची बाटली काढ वं.'

त्यांनी सांगितलेल्या जागेवरून मी ती काढून आणली. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि खिडकीच्या खुंटीला अडकवली. जन्मात मी तो गळा मोकळा पाहिला नव्हता. मी म्हटलं, नाना, हे काय करता? तर म्हणाले, 'ते माळ तवाच बाटली. आता काय बाटीन?'

बुचात ओतून दिली. रंग कडब्यासारखा झाला होता. जिभेवर घेऊन कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, 'आंबट हाये. शेवटाले जरा तुरट.' मला वाटलं, तुझं मन राखायला बोलतायत; डॉक्टर तर म्हणाले होते की चव कळणार नाही. पण नंतर तुझी जुनी वही उघडून पाहिली. चौथ्या प्रयोगापुढे तू लिहिलंयस, 'शेवटी तुरटपणा राहतो.' तेजस, त्यांना कळली होती रे. त्या दिवशी सगळ्या जगातली तेवढी एकच चव कळली होती.

मग रोज दुपारी एक बूच, आणि त्याबरोबर काहीतरी घासभर. वहीत तू 'कशाबरोबर चांगली लागेल?' लिहून पान कोरं ठेवलं होतंस ना, ते पान भरायचं त्यांनी मनावर घेतलं. मी करायची, ते चाखायचे आणि मला लिहायला लावायचे. मिरची न घालता भरीत केलं, तर म्हणाले, 'भरतासंगं नको म्हना त्याले. धूर तिले गिळून टाकते.' डाळीच्या फुणक्यांच्या कढीशी ती भांडते म्हणाले, दोन्ही आंबट. बिबड्यांच्या पापडांसाठी शिजवतो तो ज्वारीचा घाटा गरम गरम दिला, तो पसंत पडला. आणि सगळ्यात वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लोण्यात कुस्करलेली. त्या दिवशी त्यांनी तीन घास खाल्ले. महिन्याभरात पहिल्यांदा. आईला दाराआड रडू आवरेना.

पान भरलं. पत्रासोबत पाठवते आहे. अक्षर माझं आहे, जीभ नानांची.

आता जे टाळते आहे ते लिहिते. काल सासूबाईंनी मला कोरा कागद घेऊन बसलेलं पाहिलं. त्यांना सगळं माहीत नाही, पण सगळं लिहून मोकळी हो अशा अर्थानं त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, 'मनमा ठेवीसन काय व्हई? लिखी टाक बठ्ठं.'

ड्रम नानांनी ओतले नाहीत. मी ओतले.

१८ फेब्रुवारी २०२१. तू परवान्याच्या कागदांसाठी जळगावला गेला होतास. आठ दिवसांनी पुण्याची माणसं चव घ्यायला येणार होती. आणि त्या दुपारी शिरपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. स्थळ आणणाऱ्या प्रमिलाबाईंनी निरोप दिला होता, मुलाकडचे माळकरी आहेत, घरात दारूचा वाससुद्धा यायला नको. दोन स्थळं आधीच मोडली होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. केळी पिकवायच्या खोलीत गेले आणि सहाही ड्रमच्या तोट्या सोडल्या. तुझी दोन वर्षं अर्ध्या तासात मोरीतून बागेत वाहून गेली. पाहुण्यांनी त्या खोलीकडे पाहिलंही नाही. आणि ज्याच्यासाठी हे केलं, तो अभिमन लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मित्राच्या हळदीला बिअर पिऊन आला!

संध्याकाळी तू ओरडत आलास, 'कुणी केलं?' मी तोंड उघडणार तेवढ्यात नाना म्हणाले, 'मी.' माळ घातलेला आपला बाप खोटं बोलत नाही, एवढा तुझा विश्वास. तू पुन्हा विचारलंसुद्धा नाहीस. पिशवी भरलीस आणि गेलास.

मी नंतर त्यांच्यापाशी रडले. ते म्हणाले, 'बापावरचा राग पोरगं इसरून जाते. बहिनीवरचा इसरत नही. चार महिन्यांत येईन तो.' ते चार महिने मोजत राहिले. मग माझं लग्न झालं, तू आला नाहीस. मग मला खरं सांगायची लाज वाटू लागली, आणि लाजेला सवय झाली. 'तवाच बाटली' असं ते म्हणाले, ती माळ दारूनं बाटली नव्हती. माझ्यासाठी बोललेल्या त्या एका खोट्या शब्दानं बाटली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी मी विचारलं, तेजसला सांगू का? त्यांनी मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. मी सोयीचं तेच समजले.

बाटलीत चार बोटं वाईन उरली आहे. सावद्याला फ्रिजमध्ये आहे, आई कुणाला हात लावू देत नाही. मी महाशिवरात्रीनंतर तिकडे जाते आहे. आलास तर कळण्याची भाकरी करीन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, पण नानांच्या नावाचा तो राहिलेला घास घे. तो राग त्यांचा नव्हता रे. चार वर्षं ते माझ्या वाट्याचा राग सांभाळत बसले, आता तो माझ्याकडे दे.

सहाही तोट्या सोडणारी,
तुझी ताई
डिंपल