येमी एका ओळीशी थांबते

३० नोव्हें., रवि.
उपासनेहून येऊन जेवायला बसलो. येमीचं मटण ताटात तसंच. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "मी दृढीकरण घेईन. पण मतांगीकारातली ती एक ओळ म्हणणार नाही."
"कुठली?"
"कुमारी मरियेपासून जन्मला."
पंधरा वर्षांची माझी पोर. दृढीकरण २१ला. सगळ्या मंडळीसमोर मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, तोंडपाठ म्हणायचा, मग पाळक डोक्यावर हात ठेवणार, मग पहिलं प्रभुभोजन. एखादी ओळ गाळायची सोय नाही.
कारण संध्याकाळी कळलं. दृढीकरणाच्या वर्गात कुणीतरी विचारलं, बापाशिवाय मूल होतं का. शिकवणारे थिओकाका म्हणाले, "एकदाच झालं. तो सन्मान. बाकी जिथे जिथे बाप नाही, तिथे पाप." मग येमीकडे बघून, मऊ आवाजात, "अर्थात त्या मुलांचा दोष नसतो."
अर्थात.
घासलेली भांडी पुन्हा घासली.

२ डिसें., मंगळ.
राग उतरत नाही. लेख द्यायचाय, एक परिच्छेद झालेला नाही.
दुसरं कुणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं. पण थिओकाका. येमीचा बाप्तिस्मा चर्चच्या पंचांनी रविवारी होऊ दिला नव्हता. मी बिनलग्नाची, तिचा बाप निघून गेलेला. बुधवारी दुपारी, रिकाम्या चर्चमध्ये उरकला. सगळ्या पंचांत हे एकटे आले. पाणी घालताना बाळाचं टोपडं हातात धरून उभे होते.
तेच हे.

३ डिसें., बुध.
समोरच्या खोलीतल्या सुलभावहिनी भाकऱ्या घेऊन आल्या. येमी अर्धी त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यामुळे त्यांना सगळं आधीच ठाऊक. म्हणाल्या, "आमच्या कुंतीन पोर नदीत सोडल्यान. तुमच्या मरियेन सोडूक नाय. तूंय सोडूक नाय. मगे वाद कसलो?"
पंचांत एक मालवणी बाई हवी.

५ डिसें., शुक्र.
येमी बायबल घेऊन समोर बसली. मत्तय, पहिला अध्याय.
"अब्राहामापासून योसेफापर्यंत सगळे बाप मांडलेत. योसेफ बाप नाहीच, तर ही यादी कशाला?"
"त्याने त्या मुलाला आपलं म्हटलं. नाव दिलं."
"म्हणजे बापाचं नाव लागतंच."
म्हटलं, याच यादीत सासऱ्यापासून दिवस गेलेली तामार आहे, वेश्या राहाब आहे, राजाने उचलून नेलेली उरियाची बायको आहे. कुणाचीच गोष्ट सरळ नाही, तरी देवाने ठेवल्या.
"मग मरियेचीच का धुऊन ठेवली? आई, ती घाबरलेली मुलगी होती. लोकांनी नंतर तिची गोष्ट स्वच्छ केली. आता बाकीच्यांना तिच्या शेजारी उभं करून बघतात, कोण किती मळकं आहे."
चिडले. तिच्यावर. ती माझ्याच बाजूने भांडत होती आणि मी चिडले. कारण मी मानते ते. शब्दशः. हे तिला कसं

१४ डिसें., रवि.
आज पंचांपुढे तोंडी परीक्षा. आईबापांनी मागच्या बाकावर बसायचं. बाकीच्यांचे बापच आलेले, त्यांच्या रांगेत मी.
येमी छान म्हणत होती. "...जो पवित्र आत्म्याच्या योगे गर्भी राहिला..." आणि थांबली. हात मागे बांधून, नजर सरळ.
पंचांना वाटलं, विसरली. पंचांतल्या एलिझाबेथ आत्या हळूच म्हणाल्या, "कुमारी..." येमी गप्प. आत्या जरा मोठ्याने, "कुमारी मरिये..." मग खजिनदार. मग पाळकसाहेब हसत. शेवटी सगळे एका सुरात, "कुमारी मरियेपासून जन्मला," जसं बालवाडीत सांगतात. येमीने वाट पाहिली. मग "पंतय पिलाताच्या वेळेस" पासून पुढे.
"घाबरली गं पोर," आत्या म्हणाल्या. "होतं असं. पास."
पायरीवर येमी रडत होती, रागाने. "नाही म्हणूसुद्धा देत नाहीत."
मग म्हणाली, "तुझेही ओठ हलत होते. मी पाहिलं."
हलत होते. चाळीस वर्षांची सवय. ती पहिली प्रार्थना बोबडं म्हणायला लागली तेव्हापासून अडली की मीच पुढचा शब्द देते.

१६ डिसें., मंगळ.
दादरला थिओकाकांकडे गेले. स्टुलावर चढून गॅलरीत नाताळची चांदणी टांगत होते. "सलाम. बरी आलीस, धर जरा." धरलं. ज्याच्याशी भांडायचं त्याचंच स्टूल धरून भांडणं अवघड. तरी भांडले.
"मी तिच्या बाजूनेच बोललो गं," वरून म्हणाले. "दोष नाही म्हटलं."
"दोषाचा विषय काढला कुणी?"
"मग काय, चमत्कार खोटा म्हणू? तूही मानत नाहीस आता?"
"तुमच्यापेक्षा जास्त मानते. देवाने एका पोरीला विचारलं. तिच्या बापाला नाही, होणाऱ्या नवऱ्याला नाही, पंचांना नाही. ती हो म्हणाली. तुम्ही त्यातून शिकलात काय, तर माझ्या मुलीकडे बघून आवाज मऊ करायचा."
चांदणीची वायर खिळ्याला गुंडाळली. मग, "त्या बुधवारी मी आलो होतो."
"बुधवारीच आलात, काका. रविवार मागितला नाहीत."
उतरले. चहाचं विचारलं. नको म्हटलं. स्टूल मात्र आत नेऊन ठेवलं, गुडघे दुखतात त्यांचे.

२० डिसें., शनि.
पांढरा फ्रॉक शिवून आला. कमरेत सैल. टाके घालताना येमी म्हणाली, "उद्या कुणी सांगितलं तरी म्हणणार नाही. ती ओळ म्हटली की तू घाण ठरतेस."
सुई ठेवली. आवाज चढला माझा. "माझ्यासाठी माझा देव टाकू नकोस. तुझ्या जन्माच्या वेळी वॉर्डात प्रत्येक बाईजवळ कुणी ना कुणी होतं. आमच्यात मरियेकडे काही मागत नाहीत, फक्त देवाकडे. मी मागितलं. तिच्याशिवाय दुसरं कुणाला कळलं असतं? ती ओळ थिओकाकांची नाही. माझी आहे."
येमीने फ्रॉकच्या काठाचा सुटलेला दोरा तोडला.
"मग तू म्हण," म्हणाली. "तुझी आहे तर. माझी नाही अजून."
अजून.

२१ डिसें., रवि.
निघायला दहा मिनिटं. सुलभावहिनी अबोलीचा गजरा घेऊन दारात. चर्चमध्ये चालेल का, विचारतायत. चालेल.
आत्ताच थिओकाकांचा फोन. आज पंचांच्या बाकावर बसणार नाहीत. "तुमच्या बाकावर जागा आहे का?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन येमीला दिला. ती म्हणाली, "या. पण शब्द सांगायचा नाही."
मागची बटणं लावत होते, तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "तूही, आई. मी थांबले तर थांबू दे."
शेवटचं बटण घट्ट होतं. राग अजून गेलेला नाही, कुणावर ते आता नीट सांगता येत नाही. आरशात तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ओठ मिटले.
तिथे ती थांबल्यावर हे जमेल का, माहीत नाही.